ऋषिपंचमीची भाजी आणि आपली गच्ची

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानमालेची पत्रिका छापून आली तेव्हा काशीतील मराठी विद्वत्परंपरा, घाटांचा इतिहास अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीत ‘घरच्या घरी कुंडीतील भाजीपाला’ हा माझा विषय पाहून काहींना गंमत वाटली. एका ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांनी तर विचारले, “बाई, आता निवृत्तीच्या तोंडावर शेती शिकवणार का?” शेती शिकवण्याचा माझा अधिकार नाही. मी भाषेची शिक्षिका आहे. आणि खरे सांगायचे तर भाजीच्या विषयाकडे मी आले ती भाषेच्याच वाटेने.

काही वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गात एका पाठात ‘पडवळ’ हा शब्द आला. मी अर्थ विचारला. वर्ग गप्प. ‘अंबाडी’ विचारली, तीही कोणाला ठाऊक नव्हती. ‘शेपू’ म्हटल्यावर एका मुलीने उत्तर दिले, “आजी म्हणते तो सोआ.” मुले घरी मराठी बोलतात, आमच्याकडे मराठीतून शिकतात, परंतु त्यांच्या घरात येणारी भाजी हिंदी नाव घेऊन येते. विश्वेश्वरगंजच्या बाजारापासून गल्लीत फिरणाऱ्या टोपलीपर्यंत चाकवताचा बथुआ होतो, माठाची चौलाई, घोसाळ्याचे नेनुआ, तोंडल्याचे कुंदरू आणि लाल भोपळ्याचा कोंहडा. यात गैर काही नाही. ज्या गावाचे पाणी प्यायचे त्या गावाची बोली तोंडी बसणारच, आणि बनारसी बोलीचा गोडवा आपण सर्वांनी चाखलेला आहे. तरीही एक गोष्ट मनाला लागली. शब्द पुस्तकात राहतो आणि त्याची वस्तू डोळ्यांसमोरून जाते, तेव्हा तो शब्द केवळ शब्दार्थांच्या यादीत, परीक्षेच्या दोन गुणांपुरता जिवंत असतो. पडवळ पाहिलेच नाही, त्याच्या पांढऱ्या, झालरीसारख्या फुलाला रात्री उमलताना कोणी पाहिले नाही, तर तो शब्द मी फळ्यावर कितीदा लिहिला म्हणून काय होणार?

म्हणून आज मी बोलणार आहे ते मुख्यतः एका भाजीविषयी आणि तिच्या निमित्ताने आपल्या घरांच्या गच्च्यांविषयी. ती भाजी म्हणजे ऋषिपंचमीची भाजी.

गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, आपल्याकडील स्त्रिया हे व्रत करतात. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, असा त्याचा नेम आहे. नांगरलेल्या शेतातले धान्य वर्ज्य, तशीच भाजीही वर्ज्य. धान्य हवेच असेल तर आपसूक उगवणारा देवभात. मग ताटात उरते ते परसात, कुंपणाला, विहिरीच्या कडेला खुरप्याने आणि हाताने लावलेले: अळू, माठ, दोडका, पडवळ, भेंडी, काकडी, सुरण, लाल भोपळा, मक्याचे कोवळे कणीस. हे सारे एकाच पातेल्यात शिजते. मसाला जवळजवळ नाहीच. थोडी हिरवी मिरची, चिंच, मीठ आणि खोबरे. व्रताच्या मागे सांगितली जाणारी विटाळाची कल्पना मला मान्य नाही, ती मी मुलींना शिकवणारही नाही. परंतु वर्षातून एक दिवस तरी स्वतःच्या हाताने पिकवलेले खावे, हा जो दंडक त्या व्रतात दडलेला आहे, तो मला फार शहाणपणाचा वाटतो. आमचे गणिताचे शिक्षक म्हणतात की हल्ली शेते ट्रॅक्टरने नांगरली जातात, बैलाचा कष्ट कुठेच उरला नाही, तेव्हा बाजारातली कोणतीही भाजी ऋषिपंचमीला चालावी. तर्क बिनतोड आहे. त्यावर मी एवढेच म्हटले की सर, नेम बैलासाठी जेवढा आहे तेवढाच आपल्या हातांसाठीही असावा.

आता अडचण अशी की कोकणात किंवा देशावर ज्याला परसू म्हणतात, ते पक्क्या महालातील आपल्या घरांना कधीच नव्हते. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या परिसरातील जुने वाडे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे आहेत. घरात मोकळे असे दोनच भाग, मधला चौक आणि वरची गच्ची. चौकात तुळशीवृंदावन असते. आपल्या प्रत्येक घरात एक तरी रोप पिढ्यान्‌पिढ्या जमिनीपासून वेगळे, चार बाजूंनी बांधलेल्या मातीत वाढत आले आहे, ही गोष्ट आपल्या लक्षातही येत नाही. कुंडीत रोप वाढवणे हे काही महानगरातून आलेले नवे खूळ नव्हे.

त्याहून मोठे उदाहरण तर आपल्या समोरच आहे. गंगेच्या काठची मंडळी पूर ओसरल्यावर वाळवंटात भाजी लावतात. ज्यांनी ती पद्धत जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. वाळूत पीक येत नाही, कारण वाळूत अन्न नसते. म्हणून हे शेतकरी हिवाळ्यात वाळूत हात-दोन हात खोल खड्डे खणतात, त्यांत शेणखत आणि थोडी माती भरतात आणि त्यात वेलवर्गीय भाज्यांचे बी किंवा रोप लावतात. थंडीपासून बचाव म्हणून वाळलेल्या गवताचा आडोसा करतात. चैत्र-वैशाखात त्याच वाळूवर काकडी, खरबूज, कलिंगड, दुध्या, परवल यांचे वेल पसरलेले दिसतात. त्या खड्ड्याला कुंडीच म्हणायला हवे. फरक इतकाच की तिची मुळे खालच्या ओलाव्यापर्यंत जाऊ शकतात, आपल्या गच्चीवरच्या कुंडीची मुळे जाऊ शकत नाहीत. या एका फरकातून कुंडीच्या बागेचे जवळजवळ सगळे नियम निघतात. मुळांना जे हवे ते सगळे, म्हणजे पाणी, अन्न, हवा आणि जागा, त्या डब्यातच द्यावे लागते आणि वारंवार द्यावे लागते.

पण लावणीकडे जाण्यापूर्वी मला वजनाविषयी बोलले पाहिजे. हा भाग कोणी गंभीरपणे सांगत नाही, आणि आपल्या घरांच्या बाबतीत तो सर्वांत महत्त्वाचा आहे.

पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबा आपल्या सर्वांच्या घरी असतो. त्यात साधारण १६ लिटर माती मावते. ओल्या मातीचे वजन लिटरला दीड किलोच्या वरच भरते. म्हणजे भरलेला, पाणी घातलेला एक डबा सुमारे २५ किलो. असे ४० डबे गच्चीवर मांडले की १,००० किलो झाले, म्हणजे पुरते १० क्विंटल. नव्या सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबला हे फारसे जड नाही. आपल्यातील अनेकांची घरे मात्र लाखौरी विटांची, चुन्यात बांधलेली आणि दगडी पाट्यांच्या छताची आहेत. काही पाट्या शंभर-सव्वाशे वर्षे ऊन-पाऊस सोसत आहेत. दर पावसाळ्यात जुन्या शहरात कुठे ना कुठे एखादे जीर्ण घर कोसळल्याची बातमी येतेच. तेव्हा घर जुने असेल तर आधी जाणत्या मिस्त्रीला छत दाखवावे, डबे कधीही गच्चीच्या मध्यभागी मांडू नयेत, खालच्या जाड भिंतींच्या रेषेवरच ठेवावेत. डब्याखाली दोन विटा घालाव्यात, म्हणजे पाणी साचून छतात मुरणार नाही आणि खालच्या खोलीतील भिंतींना ओल येणार नाही. घर भाड्याचे असेल तर मालकाला विचारावे. भाजीसाठी भांडण नको. आणि ज्यांच्या मिस्त्रीने नको म्हटले त्यांनी गच्चीचा विचार सोडून द्यावा. चौकातला एक कोपरा, खिडकीची एक कड एवढ्यावरही पुष्कळ काही करता येते.

वजन कमी करण्याचा एक मार्ग मुंबईकरांनी दाखवला. डॉ. आर. टी. दोशी यांनी मुंबईत आपल्या गच्चीवर माती अगदी थोडी वापरून उसाच्या चिपाडांत भाज्या आणि फळझाडे वाढवली. पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यातूनच बाग उभी केली. या दोन्ही प्रयोगांचा बराच बोलबाला झाला. आपल्या गावात चिपाडांना काय तोटा? उन्हाळाभर प्रत्येक चौकात उसाच्या रसाचा चरक फिरत असतो. चिपाडे बारीक तोडून, महिनाभर कुजवून, खताबरोबर मिसळली की डब्याचे वजन बरेच कमी होते आणि ओलावाही टिकतो.

मातीविषयी एक सावधगिरी. गंगेचा गाळ सुपीक, हे आपण भूगोलात शिकवतो आणि ते खरेही आहे. पण तोच बारीक गाळ नुसता डब्यात भरला तर चार पाण्यांत घट्ट बसतो, वर पापुद्रा धरतो आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. म्हणून एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले खत आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा, चिपाडे किंवा पालापाचोळा, असे साधे प्रमाण धरावे. काथ्याही येथे विकत आणायला नको. मंदिरांच्या गावात नारळाच्या शेंड्या फुकट मिळतात.

मंदिरांवरून निर्माल्याची आठवण झाली. निर्माल्य पायदळी येऊ नये ही आपली भावना, आणि म्हणून ते गंगेत सोडण्याची सवय. गंगेचे त्याने काय होते ते मी येथे सांगण्याची गरज नाही. घरच्या देवांचे निर्माल्य आम्ही शाळेत मुलांना असे कुजवायला शिकवले: हारांतील दोरा, तार, प्लास्टिक, चमकी आधी काढून टाकायची. फुले दोन दिवस सावलीत सुकवायची. भोके पाडलेल्या मडक्यात एक थर फुलांचा, त्याहून जाड थर वाळलेल्या पानांचा, मध्ये मूठभर जुने खत. आठवड्यातून एकदा हलवायचे. फार ओले झाले तर वास सुटतो, तेव्हा आणखी सुकी पाने घालायची. दीड-दोन महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत होते. अनेक आजींनी मला येऊन सांगितले की देवाचे फूल तुळशीच्या पायाशी गेले याचेच त्यांना समाधान वाटते.

आणखी एक. रंगाचे, रसायनांचे, कीटकनाशकांचे रिकामे डबे भाजीसाठी कदापि वापरू नयेत. धुतले म्हणून विष जात नाही. आणि कुंडीखालच्या बशीत साचलेले पाणी आठवड्याला तरी ओतून टाकावे. पावसाळ्यानंतर आपल्याकडे डेंग्यू किती पसरतो हे शाळेच्या हजेरीपटावर मला दरवर्षी दिसते.

आता ऋषिपंचमीकडे येऊ. आज आषाढ आहे, पाऊस सुरू झाला आहे आणि व्रताला दोन-अडीच महिने आहेत. या अवधीत त्या पातेल्यातले काय काय आपल्या डब्यात तयार होईल?

माठ सर्वांत सोपा. वीत-दीड वीत खोलीचा कोणताही पसरट डबा चालतो. बी अगदी बारीक, त्यामुळे कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरायचे. महिन्याभरात कापणी. म्हणून आता एकदा आणि श्रावणात पुन्हा एकदा पेरावा, म्हणजे पंचमीला कोवळा मिळेल. भेंडीला पहिली फळे यायला सुमारे दीड महिना लागतो. एका डब्यात एकच रोप लावावे. एका रोपाला एका वेळी दोन-तीनच भेंड्या येतात, त्यामुळे चार माणसांच्या एका जेवणापुरती भेंडी हवी असेल तर सहा-आठ रोपे लागतात, हे आधीच सांगून ठेवते.

दोडका, काकडी आणि पडवळ या वेलांना निदान २५-३० लिटरचे भांडे, चढायला दोरी किंवा तट्ट्याचा मांडव आणि दिवसाचे पाच-सहा तास ऊन हवे. उंच गच्चीवर मधमाश्या कमी येतात. तेव्हा नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला हलकेच लावावे लागतात. मादी फुलामागे इवलेसे फळ आधीच दिसते, त्यावरून ते ओळखता येते. काकडीचे फूल सकाळी उमलते, दोडक्याचे संध्याकाळी. विज्ञानाच्या पुस्तकातला परागीभवनाचा धडा मी अनेक वर्षे ऐकते आहे; पण दिवेलागणीला गच्चीवर उभे राहून दोडक्याचे पिवळे फूल हातात धरलेल्या मुलाला तो धडा पुन्हा समजावून द्यावा लागत नाही.

अळूविषयी मला जरा विस्ताराने बोलू द्या, कारण काशीतील मराठी घरांसाठी कुंडीतली सर्वांत उपयुक्त भाजी अळू आहे असे माझे ठाम मत आहे. त्याला कडक ऊन नको असते. सकाळचे दोन-तीन तास उजेड मिळणारा, एरवी ओलसर असणारा जुन्या वाड्याचा चौक त्याला फार मानवतो. म्हणजे जिथे दुसरे काही येत नाही तिथे अळू येते. कंद बाजारात घुइयाँ म्हणून मिळतातच. त्यांतले डोळे फुटलेले दोन-तीन कंद निवडून लावले की दोन महिन्यांत पाने काढता येतात. काळ्या देठाचे अळू वडीला चांगले, हिरव्या देठाचे फदफद्याला. काळ्या देठाचा कंद मात्र महाराष्ट्रातल्या नातेवाइकांकडूनच मागवावा लागतो आणि महानगरी एक्सप्रेसने तो सुखरूप येतो. पाने खाजरी का असतात हे मुले विचारतातच. त्यांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. चिंचेचा आंबटपणा आणि पुरेसे शिजवणे यामुळे ती खाज जाणवत नाही. आपल्या आज्यांनी अळूत चिंच घालायला रसायनशास्त्र शिकून सुरुवात केली नव्हती.

उरले सुरण, लाल भोपळा आणि मका. सुरणाला सात-आठ महिने लागतात. भोपळ्याचा वेल गच्ची व्यापून शेजाऱ्याच्या गच्चीवर जातो आणि तीन महिने घेतो. मक्याचे परागीभवन वाऱ्याने होते, त्यामुळे कुंडीतल्या एकट्या ताटाला दाणे नीट भरत नाहीत. ही तिन्ही बाजारातून आणावीत. म्हणजे पातेल्यातली सहा भाज्या आपल्या, तीन बाहेरच्या. व्रत मोडते का, हे मला विचारू नका, आपापल्या सासूबाईंना विचारा.

भाद्रपदाच्या सुमारास गंगेला पूर असतो, हेही येथे लक्षात घ्यायला हवे. १९७८ च्या पुरात काशीला पाण्याची पातळी ७३.९०१ मीटरपर्यंत गेली होती. तो पूर पाहिलेले काही जण आज सभागृहात आहेत. २०१३ आणि २०१६ चे पूर तर आपल्या अलीकडच्या विद्यार्थ्यांनाही आठवतात. अशा दिवसांत नदीकाठचे भाजीचे मळे पाण्याखाली जातात आणि पालेभाजी महाग तरी होते किंवा मिळेनाशी होते. नेमक्या त्या आठवड्यात गच्चीवरच्या चार डब्यांचे मोल कळते.

मात्र कोणी असे समजू नये की या डब्यांवर घर चालेल. जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक माणसाने दिवसाला फळे आणि भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम खाव्यात असे सांगते. चार माणसांच्या घराला महिन्याला ४८ किलो झाले. आपल्या गच्चीवरून इतके निघणार नाही, त्याच्या जवळपासही नाही. पैशाचा हिशेब केला तर पहिल्या वर्षी माती, खत, जाळी यांचा खर्चच भाजीपेक्षा जास्त होतो. ‘महिन्याचा भाजीखर्च शून्य’ अशी आश्वासने मोबाईलवर पाहायला मिळतात, त्यांवर विश्वास ठेवू नये. मोठ्या प्रमाणावर शहरातली शेती उभी राहिली ती संकटात. सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९० नंतर क्युबाला इंधन आणि अन्न मिळेनासे झाले, तेव्हा हवाना शहरातील मोकळ्या जागांत वाफे बांधून लोकांनी भाजी पिकवली. त्यांची ती गरज होती. आपली गरज वेगळी आहे. जे बाजारात मिळत नाही, मिळाले तर ताजे मिळत नाही आणि ज्याचे नाव आपल्या मुलांच्या तोंडून जाऊ घातले आहे, तेवढेच आपण लावावे: अळू, अंबाडी, चुका, मायाळू, पडवळ, कढीपत्ता, आणि हिवाळ्यात शेपू, चाकवत, मेथी. बटाटे, कांदे, कोबी यांच्यासाठी डबे अडवू नयेत. टोमॅटोचा मोह सर्वांनाच होतो. ज्यांना तो आवरत नाही त्यांनी श्रावण-भाद्रपदात रोपे करावी म्हणजे थंडीत फळे धरतील. उन्हाळ्यात रात्रीही हवा तापलेली असते तेव्हा टोमॅटोची फुले गळून पडतात आणि लोक विनाकारण औषधे फवारत बसतात.

बियाण्यासाठी फार लांब जायला नको. भारतीय भाजी संशोधन संस्था आपल्याच जिल्ह्यात, शहंशाहपूरला आहे. तिने तयार केलेल्या कितीतरी वाणांना काशीचेच नाव दिलेले आहे: चवळीचा ‘काशी कंचन’, मिरचीचा ‘काशी अनमोल’, दुध्याचा ‘काशी गंगा’. यांतली ‘काशी कंचन’ चवळी बुटकी, झुडपासारखी वाढणारी असल्यामुळे कुंडीला विशेष सोयीची आहे. याच संस्थेने वांग्याच्या खुंटावर वांगे आणि टोमॅटो यांचे एकत्र कलम करून एकाच झाडावर दोन्ही फळे आणली. आपल्या मुलांना तेथे सहलीला न्यावे असे मला फार वाटते. सारनाथला तर ती दरवर्षी जातातच. आणि रामनगरच्या त्या प्रचंड पांढुरक्या-हिरव्या वांग्याला, रामनगर भंट्याला, २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले हेही त्यांना सांगितले पाहिजे. जिथे राहतो तिथल्या भाजीचाही अभिमान हवा. आमच्या घरी भरीत त्याचेच होते.

वैशाख-ज्येष्ठात बाग टिकवणे मात्र कठीण. पारा ४५ अंशांकडे जातो, लू वाहते, पत्र्याचा डबा हात लावू देत नाही. त्या दोन महिन्यांत सरळ डबे कमी करावेत, उरलेले भिंतीच्या सावलीत एकमेकांना चिकटवून ठेवावेत, मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. मोठ्या डब्यात मातीचे छोटे मडके गळ्यापर्यंत पुरून ते पाण्याने भरून ठेवले की पाणी हळूहळू झिरपत राहते. आपल्याकडे चहाचे पुरवे रोज ढिगाने फेकले जातात. तळाला भोक पाडून त्यांत रोपे तयार करण्याचा उद्योग आमच्या मुलांनी केला. फक्त भाजलेली माती विरत नाही, तेव्हा रोप लावताना ते पुरव्यातून काढूनच लावावे.

आणि माकडे. काशीत राहून माकडांविषयी न बोलता गच्चीचे व्याख्यान पूर्ण कसे होणार? लोखंडी जाळीशिवाय वांगी, टोमॅटो, काकडी यांचा भरवसा नाही. अळू आणि कारले यांना आमच्या गच्चीवर त्यांनी क्वचितच हात लावला; बाकी त्यांच्या मर्जीवर.

शेवटी पालकांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. आम्ही मुलांना घरी एकेक कुंडी सांभाळायला देतो. पंधरा दिवसांनी चौकशी केली की कळते, कुंडी मुलाची आणि पाणी आईचे. सकाळचा डबा, पाणी येण्याची वेळ, सासू-सासऱ्यांची औषधे, स्वतःची नोकरी यांत तिच्या माथी आणखी एक काम पडते. हे मला मान्य नाही. असे होणार असेल तर ती कुंडी कृपा करून शाळेत परत पाठवा, आम्ही मुलाला रागावणार नाही. चौथीच्या पुढच्या मुलाला रोज सकाळी एक तांब्या पाणी घालणे सहज जमते, मुलालाही आणि मुलीलाही. विसरला तर रोप सुकू द्या. तुम्ही चोरून पाणी घालू नका. कुंड्यांची स्पर्धा आम्ही ठेवत नाही, त्याचेही कारण हेच. स्पर्धा आली की आदल्या दिवशी रोपवाटिकेतून फुललेले झाड येते.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर मूळचे गणिताचे अध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ नावाने शेतकऱ्यांचे एक जाळे विणले, त्यात प्रत्येकाने आपल्या जागेवर करून पाहावे आणि जे आढळले ते इतरांना कळवावे एवढीच अपेक्षा होती. तासगावच्या द्राक्षबागायतदारांना त्याचा फार उपयोग झाला. आमच्या शाळेतल्या वहीचे स्वरूप आम्ही त्यावरूनच ठरवले. मुलाने रोपाचे मराठी नाव, येथल्या बाजारातले नाव, पेरल्याची तिथी, पहिले पान, पहिले फूल एवढेच लिहायचे. रोप मेले तर तेही लिहायचे, आणि कशाने मेले असावे हेही. त्या वह्यांतील काही पाने या स्मरणिकेत अन्यत्र छापली आहेत. त्यांतले शुद्धलेखन आम्ही मुद्दाम दुरुस्त केलेले नाही.

बाहेर ओसरीवर टेबल मांडले आहे. माठ, अंबाडी, दोडका आणि पडवळ यांच्या बियांच्या पुड्या तेथे आहेत, प्रत्येक कुटुंबाने एकेक घ्यावी. काळ्या अळूचे कंद थोडेच आले आहेत. ज्यांच्या घरी चौक आहे त्यांना आधी द्यावेत असे मी स्वयंसेवकांना सांगितले आहे. पुण्या-मुंबईहून आलेल्या माजी विद्यार्थ्यांनी पुढच्या खेपेला येताना चुक्याचे बी आणावे, ते येथे मिळत नाही. पुडीवर पेरणीची खोली लिहिली आहे, ती वाचून मगच पेरा.